कावळा शिवण्याआधी

नानाकाकांच्या दहाव्याला डोंबिवलीच्या खाडीकाठी पिंड मांडून आम्ही पाऊण तास उभे होतो. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. मग अशा वेळी होतं ते सुरू झालं. कुणी म्हणालं, जीव म्हाताऱ्या आईत अडकलाय. कुणी म्हणालं, पोटी मूल नाही, बायकोचं कसं होणार हीच काळजी. शेवटी बाबा पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "नाना, वहिनीची काळजी करू नकोस. घर तिचं आहे, तिचंच राहील." थोड्या वेळाने एक कावळा आला आणि पिंडाला शिवला. बायका रडल्या. बाबांचा शब्द मनापासूनचा होता आणि तिथे उभ्या असलेल्या एकाच्याही मनात त्या घराविषयी वाकडं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते कुणाच्या लोभामुळे झालं नाही.

काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा वन रूम किचन त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. सोसायटीत नॉमिनी म्हणून काकूचं नाव होतं. वर्षभरात शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव चढलं आणि आमच्या लेखी विषय संपला. तीन वर्षांनी आजी गेली. आणखी तीन वर्षांनी काकूच्या गुडघ्यांनी जिना नाकारला, तेव्हा तो फ्लॅट विकून तळमजल्यावर घर घ्यायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं, बोलणी झाली. मग खरेदीदाराच्या कर्जासाठी कागद तपासणाऱ्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला: "मालक वारले तेव्हा त्यांची आई हयात होती का?"

होती. आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्राविना वारलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत बायको आणि मुलांच्या बरोबरीने त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते. (वडील मात्र दुसऱ्या वर्गात जातात.) काकांना मूल नव्हतं, म्हणजे घराचा अर्धा हिस्सा काकूचा आणि अर्धा आजीचा. आपण त्या घराच्या आठ आण्यांच्या मालकीण आहोत, हे आजीला मरेपर्यंत कळलं नाही. ती गेल्यावर तिचे आठ आणे तिच्या लेकरांकडे गेले: बाबांना दोन आणे, दोन्ही आत्यांना दोन-दोन आणे, आणि आधीच वारलेल्या थोरल्या काकांच्या दोन मुलांना एक-एक आणा. ज्या ओट्यावर काकूने तीस वर्षं पोळ्या लाटल्या, त्या ओट्याचा अर्धा भाग आता पाच जणांचा होता.

पाच सह्या हव्या होत्या, आणि त्याही नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर. बाबांनी आणि थोरल्या आत्याने लगेच केल्या. चुलतभावांपैकी एक कॅनडात. तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित झालेलं त्याचं कुलमुखत्यारपत्र यायला पाच महिने गेले. धाकट्या आत्याची सही यायला चार वर्षं लागली. तोवर ते गिऱ्हाईक गेलं, तळमजल्याचं घर गेलं, आणि काकू तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढून घेत राहिली.

धाकटी आत्या वाईट होती का? मला तेव्हा तसं वाटलं होतं. मी तिला भेटायला गेले, रागातच गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझे आजोबा गेले तेव्हा तालुक्याला नेऊन माझी सही घेतली. शेत भावांचं, म्हणून मी केली. कशावर करतेय ते कुणी वाचून दाखवलं नाही. आता पुन्हा सही कर म्हणता. दर वेळी मी सहीच करायची का?" तिला काकूकडून पैसा नको होता. तिला कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं. चार वर्षं काकूने जिन्यावर जे भोगलं, त्याचं मूळ १९८८ सालच्या एका न बोललेल्या दुपारी होतं.

म्हणून मला जे म्हणायचंय ते मृत्युपत्राच्या कागदाविषयी कमी आणि त्या आधीच्या अबोल्याविषयी जास्त आहे. आपल्याकडे जिवंत माणसासमोर त्याच्या पश्चात काय, हा विषय काढणं अभद्र मानतात. मुलाने काढला तर तो टपलेला, सुनेने काढला तर बघायलाच नको. आणि ज्याने बोलायचं तो म्हणतो, "आमच्यात सगळं समजुतीने होईल." समजुतीने होतंही, पण समजून कुणी घ्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. विधवा समजून घेते, बहिणी समजून घेतात, गावाकडे राहून आई-वडिलांचं केलेला भाऊ समजून घेतो. अबोला सगळ्यांना सारखा महाग पडत नाही. ज्याच्या हातात ताबा आहे, कागद आहेत, वकील आहे, त्याला तो फुकट पडतो.

शिवाय काही न लिहिणं म्हणजे काही न ठरवणं, ही समजूतच चुकीची आहे. न लिहिणाऱ्याचंही मृत्युपत्र तयार असतं, फक्त ते दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं. हिंदू, बौद्ध, जैन, शीख असाल तर १९५६च्या कायद्याने, पारशी किंवा ख्रिस्ती असाल तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने, मुसलमान असाल तर शरियतच्या हिश्श्यांनी. (मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना एक-तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करताही येत नाही.) हे कायदे सरसकट सगळ्यांसाठी लिहिलेले आहेत. तुमच्या बायकोचे गुडघे त्यांना ठाऊक नाहीत.

बहिणींच्या सहीपाशी मला थोडं थांबायचंय. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला वाटा १९५६पासूनच आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तिला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः सहहिस्सेदार केलं, तेही त्या दिवसापर्यंत अविवाहित असलेल्या मुलींनाच. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना तो हक्क आला. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. कायदा इतकं चालून आला, आणि तरी गावोगाव चित्र काय? वारस नोंदीला बहिणींची नावं लागतात, फेरफार होतो, आणि मग रक्षाबंधनाच्या किंवा दिवाळीच्या आसपास दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडीसाठी भाऊ-बहिणींची रांग लागते. सही केली तर माहेर शाबूत, साडीचोळी शाबूत. मागितलं तर "हिने वाटा मागितला" हे वाक्य तिच्या मुलांच्या लग्नापर्यंत पुरतं. कुणी राजीखुशीने हक्क सोडला तर त्यात काही वावगं नाही. पण जिथे नकार देण्याची सोयच नाही, तिथे राजीखुशी कशावरून ओळखायची? ज्या बापाला खरंच वाटतं की शेत कसणाऱ्या मुलाकडे जावं आणि मुलीला त्याऐवजी काही द्यावं, त्याने ते स्वतःच्या तोंडाने, ती समोर असताना सांगावं. ते काम भावावर सोडलं की त्याची मागणी होते आणि तिची परीक्षा.

या अबोल्याचा ढीग सरकारलाही उपसावा लागतोय. वारसाने आलेला हक्क तीन महिन्यांत कळवावा असं जमीन महसूल संहिता सांगते, पण कित्येक सातबाऱ्यांवर आजोबा-पणजोबा अजून खातेदार आहेत. २०२५ मध्ये महसूल खात्याला त्यांची नावं कमी करून वारसांची लावण्याची मोहीम काढावी लागली. तिचं नाव 'जिवंत सातबारा'. बँकांचं वेगळं. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मार्च २०२४ अखेर तिथे ७८,२१३ कोटी रुपये साचले होते. त्यातल्या कितीतरी पावत्या एखाद्या घरातल्या पत्र्याच्या डब्यात किंवा देवघराच्या खणात असतील, कारण ठेवणाऱ्याने बायकोला सांगितलंच नाही.

आमच्या घरात ज्या शब्दाने घात केला तो नॉमिनी. काकू नॉमिनी होती म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. नॉमिनी हा वारस नसतो. संस्थेने पैसे किंवा कागद कुणाच्या हाती द्यावेत एवढंच नामांकन सांगतं. घेणारा ते वारसांसाठी सांभाळतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ पासून आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते, एवढा अपवाद. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातही वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासदच असतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ही सोय चांगली आहे, पण चार नावं लावली म्हणजे चार हिस्से ठरले असं समजून कुणी स्वस्थ बसू नये.

आता मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, वकिलाची सक्ती नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. साधा कागद, शुद्धीवरचा माणूस, त्याची सही, आणि ती सही करताना पाहिलेले दोन साक्षीदार. इतकं सोपं असूनही कोर्टात सगळ्यात जास्त कीस ज्या कागदांचा पडतो त्यांत हा येतो, कारण लिहिणारा साक्ष द्यायला नसतो. १९५८ साली वेंकटाचल अय्यंगार खटल्यात साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी या कागदाची परीक्षा कशी करायची हे घालून दिलं, आणि आजही न्यायालयं तोच निकाल हाती घेतात. थरथरती सही, खचलेलं मन, जवळच्या माणसाला कारणाशिवाय वगळणं, आणि ज्याचा लाभ त्यानेच कागद करण्यात पुढाकार घेणं, यांतलं काही दिसलं तर शंका दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची. मला हा निकाल घरासाठीही शहाणपणाचा वाटतो. आयसीयूच्या दारात, एका मुलाने आणलेल्या कागदावर घेतलेला अंगठा हा मृत्युपत्राचा सगळ्यात वाईट नमुना आहे. पन्नाशीत, तब्येत धडधाकट असताना, आपल्याहून तरुण दोन साक्षीदारांसमोर लिहावं. पुढे त्यांतला किमान एक साक्षीला लागतो, नोंदणी केलेली असली तरी. वगळायचं असेल तर का वगळलं ते दोन ओळींत लिहावं. अंमलबजावणी करणारा, म्हणजे एक्झिक्युटर, नेमावा, नाहीतर न्यायालयात जायची वेळ आली तर प्रोबेटऐवजी (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयाच्या दाखल्याऐवजी) व्यवस्थापनपत्राचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

प्रोबेटविषयी थोडं. १९२५च्या कायद्यातल्या २१३व्या कलमामुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावराविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला उच्च न्यायालयाचं प्रोबेट घ्यावंच लागे. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्यात आलं की ती सक्ती संपे. एकाच कुटुंबातला भाऊ मुलुंडला आणि बहीण डोंबिवलीला, तर दोघांच्या मृत्युपत्रांचं नशीब वेगळं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या जुन्या राजधान्यांचा हा वारसा डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलम वगळून संपवला. मला ते योग्य वाटतं. तरी मनात धास्ती आहे. सक्ती गेली, पुरावा द्यायचं ओझं गेलं नाही. भावंडांत वाद असेल तर मृत्युपत्र सिद्ध करावंच लागेल, आणि प्रोबेटसाठी सगळ्या वारसांना जी नोटीस जायची, तिच्यामुळे दूरच्या बहिणीलाही निदान कळायचं की असा एक कागद आहे. ती नोटीस आता घरातच, लिहिणाऱ्याने जिवंतपणी द्यायला हवी.

कारण मृत्युपत्र म्हटलं की ते न्याय्यच असेल, असं मी मुळीच म्हणत नाही. २००५ नंतर मुलींना टाळण्यासाठी जो रस्ता सर्रास सांगितला जातो तो मृत्युपत्राचाच. गोव्यातल्या माझ्या मैत्रिणींना याचं नवल वाटतं. पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेल्या आणि २०१२च्या राज्य कायद्याने पुढे चालवलेल्या तिथल्या व्यवस्थेत माणसाला सर्वसाधारणपणे आपल्या अर्ध्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. उरलेला अर्धा मुलाबाळांसाठी राखीव असतो, आणि वेगळा करार नसेल तर घरातलं अर्धं मुळातच जोडीदाराचं. खुलं मृत्युपत्रही शासनाच्या विशेष नोटरीसमोर होतं. तिथेही भावाभावांत भांडणं आहेत, इन्व्हेंटरीचे दावे वर्षानुवर्षं चालतात. पण बापाला वाटलं म्हणून मुलगी शून्यावर आली, असं होत नाही. आपल्याकडे सगळंच्या सगळं हवं त्याला देण्याची मुभा आहे. तिच्याबरोबर एक कर्तव्य येतं, असं मला वाटतं: ज्याला कमी देतोय त्याच्या डोळ्याला डोळा देऊन ते सांगण्याचं. ज्या वाटणीचं कारण समोर सांगवत नाही, ती बहुतेक वेळा आपल्यालाही पटलेली नसते.

"सांगितलं तर जिवंतपणीच भांडणं लागतील," हा आक्षेप मी वडीलधाऱ्यांकडून नेहमी ऐकते. लागतीलही. पण त्या भांडणात बाप बोलू शकतो, चूक झाली असेल तर कागद फाडून नवा लिहू शकतो. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं, हाच त्याचा मोठा गुण आहे. बक्षीसपत्राचं तसं नाही. प्रेमापोटी राहतं घर मुलाच्या नावावर करून मग त्याच घरात पाहुण्यासारखे राहणारे आई-वडील मी पाहिलेत. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात असा व्यवहार रद्द करून घेता येतो, पण सांभाळ करण्याची अट कागदात असेल तर हात बळकट राहतात. हयातीत द्यायचंच असेल तर ती अट लिहावी, लाज वाटून घेऊ नये.

धाकट्या आत्याची सही शेवटी आली ती बाबा तिच्याकडे गेले तेव्हा. तिला समजवायला ते गेले नव्हते. १९८८ साली आपण चुकलो, एवढंच सांगायला गेले. आठवड्याभरात ती स्वतः डोंबिवलीला आली. काकूला घर मिळालं, पण तोवर तिथून हलण्याची उमेद गेली होती.

यानंतर काकूने स्वतःचं मृत्युपत्र करायचं ठरवलं, आणि तेव्हा आम्हाला हिंदू उत्तराधिकार कायद्याचं १५वं कलम कळलं. मूल नसलेली विधवा मृत्युपत्राविना वारली तर तिचं सगळं, अगदी तिने ब्लाउज शिवून साठवलेले पैसेसुद्धा, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातात. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. माहेरून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परततं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच एका बाईचं प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने घराबाहेर काढलेली, माहेरच्यांनी शिकवलेली, नोकरी करून पैसा जमवलेली. तो सगळा नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाला, कारण कलम तसं होतं आणि मृत्युपत्र नव्हतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कलमाविषयीच्या याचिकेवर न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं. कलम बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. ते बदलेपर्यंत प्रत्येक बाईने, नावावर फक्त एक पासबुक आणि चार बांगड्या असल्या तरी, लिहावं.

काकूने घर तिच्या भाचीला लिहिलं. चार वर्षं तीच दर रविवारी जिना चढून येत होती. ज्यांनी हक्क सोडले त्या आम्हा सासरच्यांना हे रुचेल का, याची तिला भीती होती, म्हणून तिने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणं झाल्यावर कागद मला वाचायला दिला. वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. चुलतभाऊ मोबाइल बघत राहिला. बाबांनी चष्मा पुसला. मला आठवलं, घाटावर त्यांनीच म्हटलं होतं, घर तिचं आहे.

मग धाकटी आत्या म्हणाली, "वहिनी, घर तुझं, कुणाला द्यायचं ते तू बघ. पण आईची ती पितळेची परात आहे ना, ती मला ठेव."

काकू म्हणाली, "वन्सं, आधी नाही का सांगायचं? सह्या झाल्यात."

खाली ओळ घुसवून चालत नाही, बदलाला पुन्हा सही आणि साक्षी लागतात, हे तिला आता पाठ होतं. तिने टेबलाच्या खणातून कोरा फुलस्केप काढला, पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा लिहायला घेतलं, आणि मला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, त्या दोघा साक्षीदारांना चहाला बोलवायला.